आंबट माती

चिमाजीनं वाफ्यातली चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून चघळली. व्हरांड्यात लोकरीचं विणकाम घेऊन बसलेल्या मॅनेजरबाई किंचाळल्याच.

"शी! चिमाजी, माती खातोस काय रे?"

चिमाजी बाजूला थुंकला. "खात न्हाई बाईसाहेब. चव बघतोय."

"मग? कशी आहे चव?"

"मातीला कसली आलीय चव? मातीवानी."

खोटं बोलला तो. जिभेला चुना लागला होता. अगदी ओझरता, पण ज्यानं तीस वर्षं हीच जमीन कसली त्याला ओझरता पुरतो. हीच जमीन म्हणजे हीच. मॅनेजरसाहेबांचा बंगला जिथं उभा होता तिथं पाच वर्षांमागं चिमाजीचा शाळू माणूस बुडेल एवढा उंच व्हायचा. बाईसाहेब जिथं खुर्ची टाकून बसल्या होत्या तिथं त्याचं खळं होतं. आणि बंगल्यामागची विहीर त्याच्या बापानं स्वतःच्या हातांनी खणलेली होती.

काचेच्या बाटल्यांचा कारखाना यायचा म्हणून पवनेकाठची ही सगळी रानं गेली. मोजणीदार आले तेव्हा गावातली शहाणी माणसं घरात दडून बसली. चिमाजी मात्र पुढं होऊन बांध दाखवत फिरला. विहीर दाखवली, झरे किती ते सांगितलं, बापानं शेजाऱ्याकडं दीड हात सरकवलेला हद्दीचा दगडसुद्धा इमानदारीनं दाखवला. त्याचा थोरला भाऊ मालोजी तेव्हा बाभळीखाली बसून तंबाखू मळत होता. पुढं कारखान्यानं जाहीर केलं, जमीन गेलेल्या घरटी एका माणसाला कायमची नोकरी. कागदावर नाव थोरल्याचं, घर थोरल्याचं, म्हणून माणूसही थोरलाच. मालोजीला खाकी कोट, शिट्टी आणि फाटकावर बसायला स्टूल मिळालं. चिमाजीला मिळाली मॅनेजरच्या बागेत रोजंदारी, आपल्याच रानात.

त्यातनं चिमाजी एकच धडा शिकला. आपल्याला ठाऊक आहे ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की लोक ते घेतात आणि सांगणाऱ्याला उठवतात.

हा धडा चुकीचा होता असं म्हणायची ज्यांची ऐपत आहे त्यांनी खुशाल म्हणावं.

तर त्या वाफ्यातली झाडं. छप्पन सालच्या श्रावणात मॅनेजरसाहेब जपानातनं परत आले. भट्टीचं काम शिकायला गेले होते. तिथल्या कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकानं निघताना त्यांना आपल्या अंगणातले सहा गड्डे दिले, ओल्या शेवाळात गुंडाळून, लहान मूल द्यावं तसे. साहेब त्याला आयरिस म्हणायचे. फूल म्हणे ताटलीएवढं, जांभळं, पाकळ्या अशा लोंबत्या की वाऱ्यावर पदर उडावा. साहेबांनी सहा गड्डे चिमाजीच्या हवाली केले आणि एवढंच सांगितलं, "पाणी भरपूर घाल."

चिमाजीनं काळ्या रानात वाफा केला, विहिरीचं पाणी भरपूर घातलं, आणि दिवाळीपर्यंत पात पिवळी पडली. दोन गड्डे कुजले. साहेब म्हणाले, "तुम्हा लोकांना ज्वारीपलीकडे काही येत नाही." त्या दिवशीच चिमाजीनं माती चाटून पाहिली होती.

बायकोला, अंबुबाईला, त्यानं एक तुटकी पात घरी नेऊन दाखवली. तिनं ती उजेडाला धरली, चुरगाळली, हुंगली.

"ह्यो तर वेखंडाचा चुलता दिसतोय. वास तेवढा न्हाई. माज्या म्हायेरी वढ्याच्या कडंला असतंय असलं. पाय बुडवून हुबं ऱ्हातंय, म्हशीगत."

"तुज्या म्हायेरी चुनखड कुठंय?"

"चुनखड? भाताच्या रानात? लाल आंबट माती ती. चुना लावायचा झाला तर बापाला बाजारातनं इकत आणावा लागतोय."

चिमाजी रात्रभर हिशेब करत राहिला. विहिरीचं पाणी तर हंड्याला पांढरी खपली धरणारं. म्हणजे खालून चुना, वरनं चुना. झाड जगेल कसं?

दुसऱ्या दिवशी त्यानं मालोजीची बैलगाडी मागितली आणि पवनमावळात सासरवाडीला गेला. सासऱ्याच्या भातखाचरातली माती त्यानं गाडीभर आणली. मग आणखी एक गाडी. मग तिसरी. बंगल्यातला वाफा कमरेइतका खणून काळी माती काढून टाकली, बुडाला आणि कडांना चिकणमाती थापली, आत खाचराची माती भरली, भोवती भाताला घालतात तसा बांध घातला. विहिरीच्या पाण्याचा थेंब त्यात पडू दिला नाही. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांची कावड केली आणि नदीचं पाणी आणायला लागला, सकाळी सहा खेपा, उन्हं उतरल्यावर सहा. एरंडीची पेंड आंबट ताकात भिजवून मडक्यात पुरली आणि सडली की मुठीमुठीनं मुळाशी द्यायला लागला.

उरलेले चार गड्डे होळीपर्यंत तलवारीसारखे उभे राहिले.

साहेब खूश झाले. "काय केलंस रे?"

"काय न्हाई साहेब. पानी घालतोय."

बाईसाहेबांना वास आला. "चिमाजी, त्या खड्ड्याला घाण वास येतो. घालतोस तरी काय?"

"पानीच."

"पाण्याला असा वास येतो?"

"जुनं पानी हाय ते, बाईसाहेब."

बाईसाहेब हसल्या. त्यांची कडेवरची पोर मोठी व्हायची होती. चिमाजीला नातू असता तर तो तेवढा असता. तरी त्या त्याला अरेतुरे करत आणि तो त्यांना अहोजाहो करी. कारखान्याच्या वसाहतीत रीतच होती तशी, कुणाला त्यात काही वाटत नसे. चिमाजीला वाटे. पण वाटून काय करता?

त्या साली फूल आलं नाही. चिमाजीला ते अपेक्षितच होतं; हलवलेलं झाड पहिल्या साली मुळंच धरतं. पावसाळा सरता सरता चार गड्ड्यांची अकरा फुटवी झाली. पौषात त्यानं पाणी तोडलं. पात वाळून तांबडी झाली तशा बाईसाहेब हळहळल्या, "मेलं वाटतं."

"निजलंय," चिमाजी म्हणाला. का निजवलंय ते सांगितलं नाही. थंडी मुळापर्यंत पोचल्याशिवाय ते फूल धरायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. नुसत्या बघण्यातनं कळलं होतं, आणि जे बघण्यातनं कळतं ते माणूस जास्त घट्ट धरून ठेवतो.

अठ्ठावन्न सालच्या माघात साहेबांना जपानातनं पत्र आलं. नव्या भट्टीच्या मुहूर्ताला तो म्हातारा मालक स्वतः येणार होता. वैशाखात. साहेब बागेत आले. वाफ्यात तेव्हा कोंब वर डोकावत होते. साहेब कधी नव्हे ते उकिडवे बसले.

"चिमाजी, म्हातारा पहिलं काय बघणार ठाऊक आहे? ही झाडं. पाहुणे येतील त्या दिवशी फूल उमललेलं दिसलं ना, तर एक तारखेला तुझं नाव कायम पटावर. चाळीत दोन खोल्याही देतो. माझा शब्द."

साहेब उठून गेले तरी चिमाजी तिथंच बसून होता. दोन खोल्या! गेलं दीड तप तो आणि अंबुबाई मालोजीच्या घराच्या पडवीत राहत होते. चूल मांडायची तर भावजयीला विचारून. परसात जायचं तर तिच्या दारावरनं. आणि भावजय रोज एकदा तरी ऐकवायची, "आमास्नी साहेबानं यवढं दिलं, लोकास्नी मातीच चघळायला." पटावर नाव लागलं तर स्वतःचा उंबरा मिळणार होता. जांभळ्या ताटल्यांवर चिमाजीचा उंबरा टांगलेला होता. ताटली उमलली तर उंबरा, नाही तर पडवी. एका माणसाच्या भाकरीला फुलाची अट घालायची, ही अक्कल कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

"आता तरी बाईस्नी सगळं सांगून ठिवा," अंबुबाई म्हणाली. "उद्या तुमी आंथरूण धरलं म्हंजी?"

"मी पडलो तर झाड बी पडंल. मग कळंल त्यास्नी, मी कोण हाय ते."

"आन् आपुन कुठं जायाचं तवा?"

चिमाजीनं तंबाखू मळायला घेतली.

चैत्र लागला. अकरापैकी नऊ फुटव्यांनी दांडे काढले. भात पोटरीत यावं तसे ते पोटरीत आले. पातीच्या गुंडाळीत कळी फुगली, बोटानं दाबली तर आत भरलेली लागायची. चिमाजी दर सकाळी नवाच्या नवांना हात लावून पाही. त्याच्या हिशेबानं आणखी बारा दिवस. पाहुणे यायला चौदा. इतकं नेमकं त्याला बापजन्मात काही साधलं नव्हतं.

आणि मध्ये जत्रा आली.

गावच्या भैरोबाची जत्रा दोन दिवसांची. कारखाना आला, भोंगा आला, शिफ्टा आल्या, पण त्या दोन दिवसांत गावच्या माणसानं जमिनीला हात लावायचा नाही, कुदळ धरायची नाही, पाणी वळवायचं नाही. भैरोबा त्या दोन दिवशी शिवारावर फिरतो आणि त्याच्या वाटेत कुणी आडवं जायचं नाही, अशी रीत. जमीन गेली होती, शिवार कारखान्याचं झालं होतं, भैरोबा आता बाटल्यांच्या ढिगांवरनं फिरत असणार. तरी रीत कायम होती. चिमाजीनं आदल्या संध्याकाळी अठरा खेपा घातल्या आणि वाफा बांधापर्यंत भरला. दोन दिवस पुरला असता.

वसाहतीचा मुकादम हिंदुराव फाटकाशी चुन्याच्या पाट्या मोजत उभा होता. साताऱ्याकडचा गडी, पलटणीत राहून आलेला. पलटणीत तो काय शिकला देव जाणे, पण पाहुणा यायचा म्हटलं की त्याच्या हाताला चुन्याची खाज सुटायची. कारखान्यात काचेसाठी भाजलेल्या चुन्याच्या राशी पडलेल्या, त्यामुळं माल फुकट. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे, विटांच्या कडांना चुना, रस्त्याच्या दोन्ही अंगांना फक्कीची रेघ. वसाहत अशी दिसायची की मेलेल्या माणसाला टोपी घालून बसवलंय.

"हिंदुराव, त्या वाफ्याला हात लावायचा न्हाई," चिमाजी म्हणाला.

"का बरं?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

"आरं पर का?"

चिमाजीच्या ओठावर आलं होतं. चार शब्दांचं काम होतं, चुन्यानं मरतंय ते झाड. पण हिंदुरावाला सांगायचं म्हणजे उद्या सगळ्या वसाहतीला ठाऊक, परवा साहेबांना, आणि तेरवा हिंदुरावाचा कुणीतरी मेव्हणा कावड घेऊन हजर. चिमाजीनं शब्द गिळले.

"सांगितलं न्हवं? हात लावायचा न्हाई."

हिंदुरावाला ते झोंबलं. "मुकादम मी का तू? जा, नाच जा तुज्या द्येवाफुडं."

चिमाजी गेला. पालखीला खांदा दिला, गुलाल उधळला, मटणाचा रस्सा प्याला. मालोजी खाकी कोट घालूनच जत्रेत मिरवत होता. भावाला बघून म्हणाला, "काय रं, तुज्या साहेबाच्या वेखंडाला आलं का फूल?"

"येतंय."

"यील तवा मला बी दाव. फाटकावर लावतो, डास पळत्याल." माणसं हसली. चिमाजीही हसला. नऊ कळ्या त्याच्या डोळ्यांपुढं होत्या, त्यामुळं हसणं परवडत होतं.

तिसऱ्या दिवशी कपाळावरचा गुलालही न धुता तो बंगल्यावर पोचला. दुरूनच विटांच्या पांढऱ्या-तांबड्या कडा दिसल्या. दिसणारच. मग वाफा दिसला. चिमाजीला आधी कळलंच नाही काय बदललंय. पाणी नितळ होतं. दीड वर्षात त्या वाफ्यात त्यानं नितळ पाणी पाहिलं नव्हतं. नेहमी हिरवट, गढूळ, शेवाळलेलं. आता आरशासारखं. वास नाही. आणि तळाला दह्यावर साय धरावी तसा पांढरा थर.

"बघ!" मागनं हिंदुराव आला, दोन्ही हात कमरेवर. "काय तोंड वासून बघतोस? दोन पाट्या टाकल्या. कळीचा चुना. टाकल्या टाकल्या पानी असं उकळलं म्हनतोस! डास ग्येले, वास ग्येला. बाईसाहेब म्हनल्या, हिंदुराव, तेवढं घाण डबकं साफ करा. केलं."

चिमाजी तसाच वाफ्यात उतरला. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला तशी कातडी चुरचुरली. बांधाला लाथ घालून त्यानं तोंड फोडलं. पाणी फक्कीच्या रेघेवरनं वाहत सुटलं.

"आरं, आरं! क्येल्यालं काम मोडतोस व्हय?"

"चुना घातलास तू!" चिमाजी वाफ्यातनंच ओरडला. "हात लावू नगं म्हनालो हुतो न्हवं मी?"

"म्हनालास. का, ते कुठं म्हनालास? दोनदा इचारलं तुला." हिंदुराव खरंच चक्रावला होता. "आन् चुन्यानं कोन मेलंय? तुमच्या गावात हिरीला चुना टाकत न्हाईत? लोक पानातनं खात्यात. गाभण म्हशीला चुन्याची निवळी पाजत्यात. चुना वाईट असतो हे माज्या बापाला बी ठावं न्हवतं!"

त्याचं खरं होतं. सगळ्या मुलखात चुना म्हणजे स्वच्छता, चुना म्हणजे ताकद. जगात एकच झाड त्याला वैरी मानत होतं, आणि ते सातासमुद्रापलीकडनं येऊन चिमाजीच्या गळ्यात पडलं होतं. आणि ही गोष्ट सबंध वसाहतीत एकाच माणसाला ठाऊक होती. त्यानं ती तोंडात धरून ठेवली होती, तंबाखूसारखी.

त्या दिवशी चिमाजीनं नदीच्या किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. वाफा भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा. पांढरा थर हातांनी खरवडून काढला, बोटांची सालं निघाली. अंबुबाई घागर घेऊन घरोघर ताक मागत फिरली. जत्रेचं मटण खाऊन सुस्तावलेल्या घरांत ताक तसंच पडून होतं, बायांनी दिलंही.

"कुनाला पाजतीस गं यवढं?"

"झाडाला."

"मॅनेजरच्या झाडाला पित्त झालं वाटतं!"

अंबुबाईनं तेही पदरात घेतलं. सात घागरी ताक वाफ्यात गेलं. शेवटच्या घागरीला चिमाजी हात जोडून म्हणाला, "धर बाबा." देवाला की झाडाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

चौथ्या दिवशी पातीची टोकं पिवळी पडली. सहाव्या दिवशी पिवळेपणा मधल्या शिरेपर्यंत आला. दांडे उभेच होते, पण कळी पोटरीतनं बाहेर निघेना. चिमाजीनं एक गुंडाळी नखानं हळूच उकलली. आत जांभळा रंग होता. ओला, चुरगाळलेला, पूर्ण तयार. आणि बुडाशी काळा.

साहेब आले. "उमलतील ना रे?"

"उमलतील, साहेब."

आता तरी सांगायला हवं होतं? काय सांगायचं? सांगून चुना परत राशीत जाणार होता?

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी साहेबांना दिसलं जे आंधळ्यालाही दिसलं असतं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हिंदुरावाला बोलावून एवढंच म्हणाले, "हे बुजवून टाक. वर कुंड्या ठेव." तासाभरात कारखान्यातनं काचेची पांढरी वाळू आली आणि पात, दांडे, नऊ कळ्या सगळ्यांवर पडली. पुण्याहून भाड्यानं आणलेल्या क्रोटनच्या कुंड्या ओळीनं मांडल्या गेल्या. कुंड्यांनाही गेरू-चुन्याचे पट्टे होते.

"उद्या तू समोर येऊ नकोस," साहेब चिमाजीला म्हणाले. "मागेच थांब."

मागे म्हणजे विहिरीच्या दगडी थारोळ्याआड. बंगल्याच्या कडेनं बाग दिसत होती, तिथनं त्यानं पाहिलं. म्हातारा बुटका, ताठ, पांढऱ्या टोपीचा. मोटारीतनं उतरला तो भट्टीचं नाव न घेता थेट बागेत आला. चोहीकडं बघितलं. काहीतरी विचारलं. साहेबांनी हात वर करून सूर्य दाखवला, कपाळ पुसल्यासारखं केलं. म्हाताऱ्यानं वर बघितलं, मान डोलावली. दोष उन्हाचा ठरला.

सगळे चहाला वळले, म्हातारा मात्र मागे रेंगाळला. कुंड्यांच्या कडेला, वाळूबाहेर, खाचराच्या तांबड्या मातीचं एक ढेकूळ राहून गेलं होतं. तो वाकला. ते उचललं, बोटांत चुरलं, आणि जिभेला लावलं. मग तो झटकन सरळ झाला आणि कुणाला तरी शोधावं तसा इकडंतिकडं बघायला लागला.

एवढी एक वेळ होती. थारोळ्यापासून तिथवर वीस पावलं. चिमाजीनं पुढं व्हायचं मनात आणलं. पण समोर येऊ नकोस, असं साहेब म्हणाले होते, आणि पडवीत राहणाऱ्या माणसाचे पाय आधी ते ऐकतात. तो हलला नाही. आतनं साहेबांनी हाक मारली. म्हाताऱ्यानं बोटं रुमालाला पुसली आणि तो गेला.

एक तारखेला पटावर नवं नाव लागलं नाही. पाहुण्यांनी वसाहतीच्या टापटिपीची तारीफ केली होती. हिंदुरावाला साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली. दोन तारखेला बाईसाहेबांनी चिमाजीला मागच्या दारी बोलावलं. त्यांना वाईट वाटत होतं. तेही खोटं नव्हतं.

"साहेब म्हणतात, आता वेगळा माळी नको. इथे नुसती हिरवळ करायची आहे. हिंदुरावची माणसं बघतील."

चिमाजीनं मान हलवली. आणि मग, कुणी विचारलं नसताना, तो बोलायला लागला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जिभेला लागलेला चुना, विहिरीचं पाणी, खपली, सासऱ्याचं खाचर, तीन गाड्या माती, कावड, पेंड, ताक, पौषात तोडलेलं पाणी, पोटरी. दीड वर्ष दाबून ठेवलेलं घडाघडा बाहेर आलं. बाईसाहेब थक्क होऊन ऐकत राहिल्या.

"अरे देवा! मग हे आधी सांगायचं नाही का? मी स्वतः हिंदुरावला म्हटलं, साफ कर म्हणून. मला काय माहीत!"

"आधी सांगितलं असतं तर मला ठिवलं असतं, बाईसाहेब?"

बाईसाहेबांनी तोंड उघडलं. काही म्हणणार होत्या. मग कडेवरची पोर सावरल्यासारखं केलं आणि दुसरीकडं बघितलं.

चिमाजीनं उत्तराची वाट बघितली नाही. "एक मागनं हाय. त्या वाळूखालची माती घिऊन जाऊ का? पाटीनं नीन. गाडी न्हाई लागायची."

"कसली माती?"

"सासऱ्याच्या खाचरातली. माजी मी आणल्याली."

बाईसाहेबांना खरोखरच नवल वाटलं. "माती काय करणार तू नेऊन? तुला लावायला जागा तरी कुठे आहे? आणि आता ती बंगल्याचीच झाली की. हिरवळीला बरी पडेल."

मोजणीदारही सहा-सात वर्षांमागं साधारण असंच बोलला होता. त्याचाही आवाज वाईट नव्हता.

चिमाजीनं कावड उचलली. डबे रिकामे होते, ते वाटेनं एकमेकांवर आपटत राहिले. तो कुंड्यांच्या कडेनं, पांढऱ्या रेघेच्या आतनं, बंगल्याच्या फाटकापर्यंत गेला.

"चिमाजी," मागनं बाईसाहेबांनी हाक मारली.

तो वळला.

"जाताना फाटक नीट लाव हं. गुरं शिरतात."

त्यानं बाहेर येऊन फाटक ओढलं. कडी लावायला हात गजांतनं आत घालावा लागला. आतल्या अंगाला गजांवर ताजा चुना होता. तो त्याच्या मनगटाला लागला.